चार दिवसांआड

चिपळूणच्या माणसाला पाण्याची भीती असते ती ते जास्त होण्याची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या घरात शिरली, तेव्हा आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आमचाच फ्रीज स्वयंपाकघरातून पडवीत तरंगत आलेला पाहिला. दहा महिन्यांनी, पुढच्या मेमध्ये, बँकेने माझी सोलापूरला बदली केली. ऑर्डर हातात पडली तशी सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. तिथे निदान पाणी घरात तरी यायचं नाही."

त्यांचं बोलणं शब्दशः खरं ठरलं.

निघायच्या आधी मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले होते. शहराच्या ऐन मध्यावर एक निळा चौकोन, सिद्धेश्वर तलाव. विजापूर रोडला दुसरा, कंबर तलाव. पाट्यांवर त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव. उत्तरेला तुळजापूरच्या वाटेवर तिसरा आणि सगळ्यांत मोठा, हिप्परग्याचा, कागदोपत्री एकरुख. तीन तलाव म्हटल्यावर कोकणी माणसाचा जीव भांड्यात पडतो. कुंभार्ली घाट चढून कराड, पंढरपूर करत सामानाचा टेम्पो सोलापुरात शिरला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेर त्रेचाळीस अंश. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, हितं मानसं ऱ्हात्यात?"

घर दलालाने दाखवलं होतं. विजापूर रोडवर, तिसरा मजला म्हणजेच सर्वांत वरचा, आणि गॅलरीतून कंबर तलाव. 'तलावाचा व्ह्यू' म्हणून भाड्यात हजार रुपये जास्त. गॅलरीतून हिरवंगार दिसलं आणि मी विचारलं, "हे मैदान कोणाचं?" दलाल खोकला. ती जलपर्णी होती. पाणी तिच्याखाली होतं. "आणि पाणी?" "चोवीस तास, मॅडम." डिपॉझिट दिलं.

दलाल खोटं बोलला नव्हता. नळ उघडला की केव्हाही पाणी येत होतं, पण ते बोअरचं. पहिल्या दिवशी तूरडाळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली दाण्यादाण्याने वेगळी. सासूबाईंनी डाळीला दोष दिला, मग कुकरला, मग माझ्याकडे पाहिलं. साबणाला फेस येईना. चहावर तवंग धरायचा. आठवड्याभरात स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग आणि माझ्या केसांचा काथ्या. तोवर मला ठाऊकच नव्हतं की सोलापुरात पाणी दोन असतात: वापरायचं आणि प्यायचं. वापरायचं बोअरचं, प्यायचं नळाचं. इथे 'नळ आला' असं म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. आणि तो येतो चार दिवसांआड.

या 'आड' शब्दावर माझं आणि नवऱ्याचं भांडण झालं. चार दिवसांआड म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या? सोमवारी आलं तर शुक्रवारी की शनिवारी? शेजारी विचारलं तर उत्तर मिळालं, "येतंय की, आल्यावर कळतंय." आम्ही शुक्रवारी दिवसभर वाट पाहिली. पाणी आलं शनिवारी पहाटे अडीच वाजता, दीड तास राहिलं आणि गेलं. सगळ्या बिल्डिंगने भरून घेतलं. आमचा एक कॉक बंद होता, तो उघडायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. पुढचे पाच दिवस वीस लिटरच्या जारवर काढले. त्या पाण्यात शिजवलेली डाळ तीन शिट्ट्यांत मेण झाली, तेव्हा कुठे कुकरची बेअब्रू थांबली.

म्हणून सोलापुरात घर बघायला जाणाऱ्याला मी एवढंच सांगते की फरशी, वॉर्डरोब, मॉड्युलर किचन नंतर बघा, आधी जमिनीखालचा हौद बघा. झाकण उघडायला लावा. किती लिटरचा, तुमचा एकट्याचा की सामाईक, नळाच्या आणि बोअरच्या टाक्या वेगळ्या आहेत की वरती जाऊन एकत्र होतात, रात्री पाणी आलं तर मोटर लावायला कोण उठतं, आणि बोअर एप्रिलमध्ये आटते का. शेवटचा प्रश्न मालकाला विचारू नये. तो खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारावा, तोही मालक नसताना. 'चोवीस तास पाणी' ऐकलं की लगेच पुढचं विचारावं, "कसलं?"

दुसरी चूक सर्वांत वरचा मजला. कोकणात वरचा मजला म्हणजे वारा. सोलापुरात मार्च ते जून तो तवा असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी तीनला हाताला सोसत नाही. आंघोळीची बादली संध्याकाळी भरून ठेवायची आणि रात्री निवल्यावर अंगावर घ्यायची, हे आम्ही आपोआप शिकलो. उन्हाळ्याची एक गोष्ट मात्र मला चिपळूणपेक्षा बरी वाटली. इथला घाम वाळतो. हवा कोरडी म्हणून साधा कूलर झकास चालतो, एसी लागत नाही. फक्त तो कूलर दिवसाला तीन-चार बादल्या पितो, आणि त्याला बोअरचं खारं पाणी घातलं की एका मोसमात त्याच्या जाळ्यांवर मिठागर तयार होतं. म्हणजे गारवा हवा असेल तर त्याचा हिशोबही पुन्हा हौदापाशीच. नवऱ्याने एक वही घातली होती: किती आलं, किती गेलं, कूलरला किती. मी बँकेत दिवसभर तेच करून घरी यायचे, त्यामुळे त्या वहीला मी हात लावला नाही.

बाकीची कामं फारशी अवघड गेली नाहीत. गॅसचं ट्रान्सफर दोन दिवसांत झालं. आधारवरचा पत्ता भाडेकरारावर बदलून मिळाला. मुलाला पाचवीत सेमी-इंग्रजीला प्रवेश मिळाला. दुचाकी मात्र घ्याच; सिटी बसच्या भरवशावर ऑफिस गाठायचा विचार कोणी करू नये, सगळं शहर शेअर रिक्षा आणि स्वतःच्या गाडीवर चालतं. पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आणि मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर, ही दोन नावं पहिल्या आठवड्यातच घरातल्या माणसांसारखी तोंडात बसतात. हुतात्मा हे नाव उगाच नाही. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. ही चार नावं इथल्या चौथीतल्या पोराला पाठ असतात. मला ती चाळिशीत कळली, याची बँकेतल्या शिपायाने मला चांगलीच लाज वाटायला लावली.

अकरा महिन्यांचा करार संपला आणि आम्ही अशोक चौकाच्या बाजूला, इथे ज्याला पूर्वभाग म्हणतात तिकडे, तळमजल्यावर घर घेतलं. ऑफिसातल्यांनी नाकं मुरडली. "तिकडे सगळे तेलुगू, तुम्हाला करमणार नाही." बदलीवर आलेले बहुतेकजण विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड यापलीकडे जात नाहीत, तिथे आपल्यासारखेच बाहेरून आलेले भेटतात, आणि सगळेच नवीन असल्यामुळे पाणी कधी येणार हे कोणालाच माहीत नसतं. पूर्वभागात ते सगळ्यांना माहीत असतं.

आमच्या नव्या घराचा नळ खड्ड्यात होता. अंगणात दोन फूट खोल, सिमेंटने बांधलेला चौकोनी खड्डा आणि त्याच्या तळाशी नळ. पाण्याला जोर कमी, वर चढत नाही, म्हणून माणसंच खाली उतरली. पाणी यायच्या आधी तो नळ फुसफुसतो. आतली हवा बाहेर पडते, मग खोकल्यासारखे दोन-तीन आचके, मग थोडं लालसर गढूळ पाणी, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार. पहिली बादली झाडांना किंवा अंगणाला. दुसऱ्या बादलीपासून तांब्याची घागर. हा क्रम मला शेजारच्या अक्कांनी शिकवला.

अक्का पद्मशाली, साठीच्या पुढच्या. त्यांच्या सासऱ्यांनी तेलंगणातून येऊन इथे हातमाग टाकला होता. मुलाचे आता टॉवेलचे चार यंत्रमाग आहेत, भिंतीपलीकडे दिवसभर त्यांची खटखट चालू असते. अक्का स्वतः चाळीस वर्षं विड्या वळत होत्या. अजूनही बोलताना त्यांची बोटं मांडीवर काहीतरी गुंडाळत असतात, तिथे पान नसतं तरी. पहिल्या नळाच्या दिवशी दुपारी त्यांनी आमची कडी वाजवली, "ताई, पाणी येऊलालंय, उठा की!" मी धावले. गल्लीत एकदम सगळी दारं उघडली होती. अक्कांच्या घरातून "नीळ्ळु वच्चिनय", समोरच्या अप्पांच्या ओट्यावरून कानडीत "नीरु बंतु", टोकाच्या चाचींचं "पानी आया रे", आणि मध्ये आमच्या सासूबाई, चिपळुणी हेलात, "अगो, पाणी आलं!" एकाच बातमीच्या चार भाषा, आणि कोणालाही दुसऱ्याचं भाषांतर लागलं नाही.

भाषेवरून आठवलं. इथल्या मराठीला हसू नका. 'जाऊलालंय', 'करूलालाव' हे आधी कानाला खटकतं, सहा महिन्यांनी तोंडात येतं. वाक्याच्या शेवटी 'की' लावला की आग्रह होतो, रागही होतो आणि लाडही. आणि 'बे'. आमच्या चिरंजिवांनी शाळेतून आल्यावर आजीला विचारलं, "काय बे, जेवायला काय?" सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. 'बे' बरोबरीच्याला असतो, वडीलधाऱ्याला नाही, हे त्याला अप्पांनीच समजावलं, तेही "असं न्हाई बोलायचं बे" असं म्हणूनच.

नळ चुकला तर काय खायचं याचाही शोध इथल्या लोकांनी केव्हाच लावून ठेवला आहे. कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवलेली. डब्यात महिनोन्‌महिने टिकते. सोबत शेंगाचटणी, खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली, आणि दही. ना शिजवायला पाणी, ना भांडी. मी हे अक्कांना म्हणाले तर त्या म्हणाल्या, "पाण्यासाठी कोन खातंय? चवीसाठी खातात." बरोबर आहे. माझ्या मात्र डोक्यात आता सगळं पाण्यातच मोजलं जातं. चिपळूणहून पाहुणे आले की प्रत्येकाला सोलापुरी चादर हवी असते. २००५ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. मी त्यांना कारखान्याच्या दुकानात नेते, जाड सुती, विणीतच नक्षी असलेली बघून घेऊन देते, आणि मनात म्हणते, ही धुवायला घेऊन जा तिकडेच. भिजलेली सोलापुरी चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि खळबळायला चार बादल्या. आमच्या चादरी नळाच्या दिवशीच भिजतात.

पाणी येतं कुठून, हे मला अप्पांनी ओट्यावर खडूने काढून दाखवलं. ते पाणीपुरवठ्याच्या कामावर होते, आता निवृत्त. भीमेवरचं उजनी धरण इथून शंभरेक किलोमीटर. तिथून जलवाहिनी थेट शहराकडे येते. दुसरी वाट उलट्या बाजूने: उजनीतून पाणी नदीत सोडायचं, ते पात्रातून वाहत वाहत कर्नाटकच्या सीमेवर औजच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि टाकळीहून उपसून शहरात आणायचं. तिसरा हात हिप्परग्याचा. तो तलाव इंग्रजांनी बांधलेला, १८७१ साली पूर्ण झाला. यातली एक वाहिनी फुटली, कुठे वीज गेली, बंधाऱ्यातली पातळी खाली गेली, की आमचा चौथा दिवस सहावा होतो. समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीच्या जुन्या वाहिनीच्या जोडीला दुसरी, हा शब्द मी इथे आल्यापासून इतक्यांदा ऐकला आहे की मुलाने भूमितीच्या पेपरात समांतर रेषांचं उदाहरण म्हणून तीच लिहिली असती तर मला नवल वाटलं नसतं.

"मग हे घराजवळचे तलाव?" मी विचारलं. अप्पांनी खडू खाली ठेवला. "ते बघायचे."

बघायचे तर नीट बघा. सिद्धेश्वर तलावाला संध्याकाळी जा, पाण्याच्या मधोमध मंदिर आणि एका काठाला भुईकोट किल्ल्याचे बुरूज. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं असं इथे सांगतात. पायऱ्यांवर बसून मला नेहमी वाटतं, संताने गावाला मंदिराआधी पाणी दिलं, तर तो या गावाचा ग्रामदैवत होणारच. कंबर तलावाला सकाळी जा, पण भाड्यात त्याचे हजार रुपये देऊ नका. आणि थंडीत एखाद्या रविवारी हिप्परग्याला. डिसेंबरात तिथे बाहेरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा उथळ पाण्यात एका पायावर उभे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले. सासूबाईंना पक्ष्यांपेक्षा मासेमारांच्या टोपल्या आधी दिसल्या. सुरमई-पापलेटवर वाढलेल्या त्या बाईने चिलापी हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला, भाव केला आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "काट्याला भरपूर आहे." तरी दर पंधरा दिवसांनी आणायला लावतात.

नवीन आलेल्याने पहिलं वर्ष जानेवारीपर्यंत तरी काढावं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला गड्डा म्हणतात. बँकेतले नेहमी इस्त्रीच्या शर्टात असणारे सहकारी त्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत दिसतात, आणि ओळखू येत नाहीत. सात नंदीध्वज, घराच्या गच्चीला लागतील इतके उंच, कमरेच्या पट्ट्यावर तोलून माणसं चालवत नेतात. आदल्या दिवशी शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ तारखेला तलावाकाठी अक्षता सोहळा. कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्नाला होकार दिला, त्याचं हे लग्न. आम्ही गर्दीत अक्कांच्या मागे उभे होतो. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचताना 'सत्यम सत्यम' आलं की चहूकडून अक्षता उडत होत्या, आणि अक्कांनी माझी रिकामी मूठ पाहून स्वतःच्या पदरातल्या अर्ध्या माझ्या हातात ओतल्या. त्यांचं घराणं मार्कंडेयाचं. नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो तेव्हा आम्ही त्यांच्या मागे असतो. तरी गड्ड्याला त्या चुकत नाहीत. "गावाचं लगीन हाय ताई," म्हणाल्या. गर्दीत ढकलत होमाच्या मैदानात आलो, मुलगा पाळण्यात बसला, सासूबाईंनी पितळी झारा घेतला. घरी पोचलो तर रात्रीचे अकरा, आणि अंगणातला नळ वाहत होता. आमची घागर भरलेली, बादल्या भरलेल्या, हौदाचं झाकण उघडं आणि पाइप आत सोडलेला. चाची ओट्यावर बसून होत्या. यात्रेला त्या आल्या नव्हत्या, आणि गल्लीतल्या सहा घरांचं पाणी त्यांनी एकटीने भरलं होतं. खड्ड्यात पंचवीसेक वेळा उतरल्या असतील. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "झारा कितने का लिया?"

आणखी एक माणूस विसरू नका, चावीवाला. लांब लोखंडी टी घेऊन सायकलवर येतो आणि रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो. त्याच्या आठवड्याच्या वेळापत्रकावर आमची लग्नं, बारशी, पाहुणे ठरतात. दिवाळीला त्याला फराळाचा डबा सगळ्यांच्या आधी जातो. ती लाच नव्हे. पहाटे तीनला, सगळं शहर झोपलेलं असताना जो माणूस आपल्यासाठी उठतो, त्याला चकली द्यायलाच हवी. आणि नळाला थेट मोटर लावू नका. सगळे लावतात, तरी लावू नका; तुमची मोटर चालू झाली की पुढच्या घरची धार तुटते, आणि ते घर तुम्हाला ओळखतं.

बदली होऊन जायची वेळ आता जवळ आली आहे. रत्नागिरी मागू की इथेच मुदतवाढ, यावर घरात अजून एकमत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण परवा त्यांना फोनवर चिपळूणच्या जावेला सांगताना ऐकलं, "पाऊस कसला गो तुमचा, नुसतं पाणी वाया."

आज बुधवार. मागचं पाणी रविवारी पहाटे आलं होतं, म्हणजे उद्या किंवा परवा. अप्पा परवा म्हणतात, अक्का उद्या म्हणतात. वरच्या टाकीचा फ्लोट अडकतोय, भरून पाणी वाहून जातं. प्लंबर सहाला येतो म्हणालाय.